तिसऱ्या हँगरवरचा स्वेटर

प्रिय भिंगरी,

तुला माझ्याकडून फक्त एक सही हवी आहे, तीही शुक्रवारच्या आत, आणि मी बसले आहे पत्र लिहीत. फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘ताई, आधी माझं ऐक’ म्हणतेस आणि मग मी ऐकतच बसते. गेली अकरा वर्षं हेच चाललंय. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून कागद. शिवाय मला हे सगळं क्रमाने सांगायचं आहे, उलटसुलट सांगितलं तर तू त्यातून बरोबर पळवाट काढशील. माझं हे घर, तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं, दोन खोल्यांचं, जिथे मी एकतीस वर्षं राहिले, ते विकायचं की नाही हे त्या सहीवर ठरणार आहे. त्याचं उत्तर तुला मिळेल. पण आधी शांतपणे बस आणि वाच.

तू पहिल्या दिवशी माझ्या घरं विकून देण्याच्या ऑफिसात कामाला आलीस ते आठवतं का? आधी तुझं अत्तर आलं. मग टाचा आल्या, टक टक टक, आणि त्यांच्या मागून पिवळाधमक स्कर्ट घातलेली तू. खुर्चीत बसायच्या आत ऑफिसभर तीन गिरक्या घेतल्यास, म्हणून भिंगरी हे नाव पडलं. मी मनात म्हटलं, ही बाई कुणाच्या तरी लग्नाला निघाली होती आणि पत्ता चुकली. त्याच दुपारी तुला मी एक फ्लॅट बघायला घेऊन गेले. नवरा-बायको वेगळे होत होते, घर विकून आपापल्या वाटेने जाणार होते, आणि सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. तुझ्या टाचांनी त्यांच्या नव्याकोऱ्या लाकडी जमिनीवर दारापासून खिडकीपर्यंत बारीक खळगे पाडले. दोघांनी मिळून तुला जे झापलं ना! सहा महिन्यांत त्यांचं पहिल्यांदा कशावर एकमत झालं असेल तर तुझ्या टाचांवर. जिन्यात येऊन तू रडलीस. मी म्हटलं, पुरे आता, उद्या बाजारात जाऊ, तुला बूट घेऊन देते.

ते बूट घेताना तू दुकानात नाकं मुरडलीस. असले म्हातारीचे बूट मी घालणार नाही, म्हणालीस. मग मी तुला तिथेच स्टुलावर बसवून सांगितलं, की नाडीचे बूट आपल्याला चालत नाहीत. तू दारात वाकून नाड्या सोडत बसतेस, तोवर पार्टी आत जाऊन न्हाणीघराच्या भिंतीची ओल बघून येते, आणि ती बघताना आपण शेजारी नसलो तर मेलोच. पाय नुसता झटकला की निघतील असेच बूट हवेत. मोजे धड हवेत. अंगठा बाहेर आलेल्या माणसाकडून कुणी घर घेत नाही. अत्तर नको. घर बघायला येणारा माणूस नाकाने घर बघतो, आणि तुझा वास आला की त्याला वाटतं, ही कसला तरी वास लपवते आहे. घर दाखवताना मनगटावर घड्याळ नको, कारण तू चुकून जरी बघितलंस तरी त्यांना वाटतं ही घाई करते. पण घर विकणाऱ्याकडे जाताना घड्याळ हवंच, कारण त्याला वाटलं पाहिजे की आपल्या वेळेची हिला किंमत आहे. खिसा खोल हवा, किल्ल्या वाजता कामा नयेत. नवीन लग्न झालेल्या जोडप्याकडे बाह्या दुमडून जायचं, जणू सामान आपणच वर चढवून देणार आहोत. श्रीमंताकडे जाताना अंगावरची एक तरी वस्तू जुनी असावी. तू हे सगळं वहीत लिहून घेतलंस आणि वर विचारलंस, ‘आणि आपल्याला जे आवडतं ते कधी घालायचं?’ मी म्हटलं, रविवारी.

मग ऑफिसातलं ते पत्र्याचं कपाट. त्यात हँगर तीन. पहिल्यावर घर बघणाऱ्यांसाठीचा निळा शर्ट आणि पँट. दुसऱ्यावर काळा कोट, वकील आणि बिल्डर यांच्यासाठी, कारण त्यांना कोटाशिवाय माणूस दिसत नाही. आणि तिसऱ्यावर तो राखाडी स्वेटर. कोपरांवर थोडा विरलेला, धुऊन धुऊन मऊ पडलेला. ज्यांचं घर विकायचं मन होत नाही, पण मुलाबाळांच्या, भावाबहिणींच्या रेट्याने विकायची वेळ आली आहे, त्यांच्याकडे जाताना तो घालायचा. त्याच्याबरोबर कापडी पिशवी, बॅग नाही. बॅगेतून कागद निघणार हे मुलालासुद्धा कळतं. पिशवीतून काय निघेल ते सांगता येत नाही. घरात गेल्यावर त्यांच्यापेक्षा खालच्या खुर्चीत बसायचं. पाणी मागायचं, कारण ज्याने पाणी दिलं तो लगेच दार दाखवत नाही. कागद सगळ्यात शेवटी काढायचा, आणि काढताना म्हणायचं, काही घाई नाही. कुणी मावशी सहज डोकावून गेली असं वाटलं पाहिजे. मला या युक्तीचा केवढा अभिमान होता! शेजारच्या एजंटांची पोरं टाय लावून फिरायची आणि हात हलवत परत यायची, आणि मी एका विरलेल्या स्वेटरवर घरंच्या घरं रिकामी करून दाखवायचे.

घड्याळवाल्या काकांची गोष्ट तुला मी किती वेळा सांगितली असेल. दहा वेळा तरी. कोपऱ्यावरच्या दुकानात ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि वरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. पुतण्याला जागा विकायची होती, यांचा पाय निघत नव्हता. तो स्वेटर मी मुळात त्यांच्याकडे जाताना घालायला विकत घेतला. सात वेळा गेले. सातव्या वेळी त्यांनी सही केली. तुला गोष्ट सांगताना मी इथेच थांबायचे आणि तू टाळी द्यायचीस. पुढचं तुला कधी सांगितलं नाही, ते आता सांगते. सही करून झाल्यावर त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि म्हणाले, ‘तू फार चांगली मुलगी आहेस. पण उद्यापासून येणार नाहीस ना?’ मी हसून म्हटलं, काहीतरीच काय काका, येईन की. आणि नाही गेले. ते नंतर कुठे राहिले, किती दिवस राहिले, मला ठाऊक नाही. मी चौकशीसुद्धा केली नाही, कारण दुसऱ्या दिवशी दुसरी पार्टी होती आणि दुसरा हँगर होता.

तू मात्र माझ्याकडे कधी हँगरवरून आली नाहीस, हे मला फार आवडायचं. ऑफिसच्या भिंती आपण दोघींनी रंगवल्या त्या वर्षी तुझ्या केशरी टी-शर्टवर पांढरे डाग पडले, आणि त्यानंतर तू माझ्या घरी त्याच टी-शर्टमध्ये यायचीस. डोक्यात पेन्सिल खोचलेली, एक बाही वर, एक खाली. आलीस की सरळ ओट्यावर चढून बसायचीस आणि माझ्याच ताटलीत जेवायचीस. मी ओरडायचे, अगं खुर्च्या काय शोभेला ठेवल्यात? पण मनातून बरं वाटायचं. माझ्याकडे कोण येणार दुसरं? आई गेल्यानंतर या घराची बेल वाजली की एक तर मीटर बघणारा, नाही तर तू. लोक विचारायचे, ही तुमची भाची का, तर मी कधी हो म्हणायचे, कधी नुसती मान हलवायचे. खोटं बोलायला आपल्या धंद्यात काही लागत नाही, पण हे खोटं बोलताना मला वेगळाच आनंद व्हायचा.

गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तर तू कमाल केलीस. दवाखान्यात आठ दिवस, नंतर घरी तीन आठवडे. मला स्टुलावर बसवून आंघोळ घातलीस. पायाची नखं कापलीस, आणि वर म्हणालीस, एवढी नखं वाढवून कुठे फरशा खोदायला निघाली होतीस. मी हसताना टाका ताणला गेला तेव्हा घाबरून डॉक्टरांना फोन लावलास. त्या दिवसांत मी रोज एकच विचार करायचे, की मी जन्मात काय पुण्य केलं म्हणून ही मला मिळाली. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आता लिहिते आहे, ते कौतुक म्हणून नाही. काय घालवलंस ते तुला नीट कळावं म्हणून लिहिते आहे.

आता गेल्या मंगळवारचं. चार वाजता बेल वाजली. मी काठी टेकत दार उघडलं, तर तू. अंगात राखाडी स्वेटर, केस मागे साधे बांधलेले, ओठांना काही नाही, कानात बारीक खडे, मनगटावर घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. पाय झटकलास आणि बूट आवाज न करता निघाले. आणि मी मूर्ख बाई, मला काय वाटलं असेल? मला अभिमान वाटला! मी म्हटलं, वा, कुणाकडून आलीस, स्वेटर तुला माझ्यापेक्षा बरा दिसतो. तुझ्या खांद्यावर एक धागा लोंबत होता, तो मी तोडला. कॉलर एका बाजूला मुडपली होती, ती सरळ केली. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे तपासायची खोड, डोळे दुसरं काही बघतच नाहीत. तू कुणाकडे तरी जाऊन आलीस, किंवा कुणाकडे तरी निघाली आहेस, एवढंच माझ्या डोक्यात. कुणाकडे निघाली होतीस हे विचारायचीही गरज नव्हती, आणि मला ते कळलं नाही.

तू ओट्यावर बसली नाहीस. खिडकीजवळचं ते बुटकं मोडकं स्टूल ओढून घेतलंस. मी म्हटलं खुर्चीवर बस, तर म्हणालीस इथेच बरं आहे. पाणी मागितलंस. अकरा वर्षांत तू माझ्याकडे पाणी मागितलं नव्हतंस गं, स्वतः उठून माठातून घ्यायचीस. मी दुखऱ्या पायाने जाऊन पेला भरून आणला. मग तू गुडघ्याची चौकशी केलीस, जिन्याची केलीस, बाल्कनीतल्या कुंड्यांची केलीस. मग पिशवीत हात घातलास आणि कागद काढलास, आणि म्हणालीस, ‘काही घाई नाही, ताई. तुमच्या मनाला पटेल तेव्हाच.’ अकरा वर्षं अगं-तुगं करणारी तू, त्या दिवशी मला तुम्ही म्हणालीस. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू कुठे निघालीही नव्हतीस आणि कुठून आलीही नव्हतीस. तू पार्टीकडे आली होतीस, आणि पार्टी मी होते. भिंगरी, तू मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्यास तरी एवढं लागलं नसतं.

मग तू माझ्या दादाचं सांगितलंस. दादा थकला आहे, त्याला त्याच्या गावी मुलाजवळ लहानशी जागा घ्यायची आहे, या घरातला त्याचा अर्धा वाटा मोकळा झाला तर त्याचं म्हातारपण सुखाचं जाईल, पण बहिणीला बेघर कसं करायचं म्हणून तो तोंड उघडत नाही. त्याच्या वतीने तू बोलते आहेस. घर दोघांच्या नावावर, माझ्या संमतीशिवाय विकता येत नाही, म्हणून हा संमतीचा कागद. मी ऐकून घेतलं. माझं आणि दादाचं कसं आहे ते तुला पक्कं ठाऊक. आईच्या आजारपणात आमची बोलाचाली झाली. मी म्हटलं तू येत नाहीस, तो म्हणाला तू येऊ देत नाहीस. तेव्हापासून आम्ही फोनवर हवापाण्याचं बोलतो आणि ठेवतो. तो सरळ मागणार नाही आणि मी सरळ विचारणार नाही, दोघंही आईच्या वळणावर गेलेलो. त्यामुळे तू सांगितलंस ते मला खरंच वाटलं. एकतीस वर्षं त्याच्या अर्ध्या घरात मी फुकट राहिले, आणि तो बिचारा मागायला लाजतोय, असं वाटून मला माझीच लाज वाटली. तू गेल्यावर मी कितीतरी वेळ त्याच बुटक्या स्टुलाकडे बघत बसले होते.

जाता जाता ‘शुक्रवारच्या आत सही मिळाली तर बरं’ म्हणत कागदाबरोबर तू घराच्या फोटोंचं पान ठेवून गेलीस. ते मी बुधवारी चष्मा लावून बघितलं. फोटो छान आहेत, खोटं का बोलू. पडदे अर्धे ओढलेले, ओटा रिकामा, पलंगावरची चादर ताणलेली, सगळं मी शिकवलं तसं. न्हाणीघराच्या दारामागचा हूकसुद्धा रिकामा. घराच्या फोटोत मालकाचे लोंबते कपडे दिसू द्यायचे नाहीत हा आपला नियम; बघणाऱ्याला तिथे स्वतःचे कपडे दिसले पाहिजेत. पण माझा निळा गाऊन त्या हुकावरून बारा महिने हलत नाही. तो हलला फक्त एकदा, दवाखान्यात माझ्याबरोबर आला तेव्हा. आणि पलंगाशेजारी काठी नाही, उंच केलेली खुर्ची नाही, न्हाणीघरात आंघोळीचं स्टूल नाही. म्हणजे हे फोटो मी दवाखान्यात असतानाचे. कुंड्यांना पाणी घालते म्हणून तू किल्ली मागून घेतलीस, आणि मी उशाखालून काढून दिली. त्याच संध्याकाळी येऊन तू माझे केस विंचरलेस. बाकीचं सगळं मी कदाचित गिळलं असतं. विंचरतानासुद्धा तू ताकास तूर लागू दिली नाहीस, हे गिळवत नाही.

तीन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की भांडीसुद्धा आपटून ठेवत होते. केसाने गळा कापलास गं. आणि सुरी कुणी धार लावून दिली तर मी. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ते हेच. तुला दोष द्यायला जावं तर मधे घड्याळवाले काका येऊन उभे राहतात, भिंग हातात घेऊन. त्यांना काय वाटलं असेल ते मला मंगळवारी पहिल्यांदा समजलं, आणि ते समजायला मला माझंच घर पणाला लागावं लागलं. पण एक सांगते. काकांना मी कधी आंघोळ घातली नव्हती. मी त्यांच्या ताटलीत जेवले नव्हते. मी परकी होते आणि परक्यासारखं फसवलं. तू घरात शिरून फसवलंस, आणि या दोहोंत फरक आहे, तू कितीही म्हणालीस की धंदा म्हणजे धंदा.

आता रविवारचं सांगते. सकाळी दहाला बेल वाजली. दारात दादा. धापा टाकत, काखेत घडी घातलेली पुठ्ठ्याची खोकी, हातात चिकटपट्टी आणि दोरी. सहा वर्षांनी या घरात पाऊल टाकलं त्याने. म्हणाला, सामान बांधायला आलोय, तुला वाकता येत नसेल. मी म्हटलं, एवढी काय घाई होती, दोन महिने तरी देशील का नाही. तो गोंधळला. ‘घाई मला कुठे? तुला जिना झेपत नाही, तळमजल्यावर जायचंय पण माझ्याकडे वाटा मागायची लाज वाटते, म्हणून मी हो म्हटलं. मला हे घर विकायचंच नव्हतं, आईचं आहे.’ मी त्याला मंगळवारचं सांगितलं. मग एकेक करत सगळं बाहेर आलं. तू मार्चमध्ये त्याच्याकडे गेली होतीस, माझ्या ऑपरेशनच्याही आधी. त्याला माझी गरज सांगितलीस, मला त्याची. आम्ही दोघं एकमेकांसाठी मन मोठं करत बसलो, आणि आमच्यातलं न बोलणं तुझ्या कामी आलं. घर कुणालाच विकायचं नव्हतं. तुझ्याकडे घेणारी पार्टी तयार होती, बस. मी दादाला विचारलं, अरे पण तुला तिच्यावर विश्वास कसा बसला, तू तर सख्ख्या बहिणीवर ठेवत नाहीस. तो म्हणाला, अगं घरातलीच पोर वाटली, रंगाचे डाग पडलेला केशरी टी-शर्ट घालून आली होती, सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. भिंगरी, कपाटात चौथा हँगर होता आणि तो मला कधी दिसला नाही. आता अकरा वर्षं मागे जाऊन मी एकेक दिवस उलगडून बघते आहे, की यातला कुठला खरा होता. सगळेच खोटे नसणार. पण कुठले ते मला ओळखता येत नाही, आणि तू सांगितलंस तरी आता उपयोग नाही.

ऑफिसची किल्ली माझ्याकडे आहे, तुझ्याकडेही आहे. तू तुझी ऑफिसशेजारच्या वकिलाकडे देऊन जा, मी जिना उतरायला लागले की तिथून घेईन. दादा अजून इथेच आहे. खोकी आणली आहेत तर वापरू, म्हणून आम्ही आईचं कपाट आवरतो आहोत, भांडतो आहोत, आणि मधेच तो एखादी वस्तू उचलून परत ठेवून देतो. आता हे पत्र का लिहिलं ते. मी शनिवारीच सही केली होती. हो, हूक बघूनही, स्वेटर ओळखूनही. एक म्हणजे दादासाठी. आणि दुसरं म्हणजे त्या फोटोंच्या पानावर खाली एजंट म्हणून एकट्या तुझं नाव छापलं होतं, पहिल्यांदाच, आणि ते बघून, मेल्या या मनाला काय म्हणावं, मला बरं वाटलं होतं. कागद पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, वर तुझा पत्ता लिहून ठेवलं होतं. सोमवारी पोस्टात पडणार होतं. रविवारी दादाने ते चाकूने अलगद उघडलं, कागद बाहेर काढला आणि माझ्या देखत त्याचे चार तुकडे केले. मग हे पत्र लिहायला बसले. मघाशी तो विचारत होता, आता हे रिकामं पाकीटही फाडून टाकू का. मी म्हटलं, नको, पत्ता बरोबर आहे.

मंगळवारी चार वाजेपर्यंत तुझीच असलेली,
ताई